ओटीपी येतो कुणाच्या हातात?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यामुळं लेकरं आता सुरक्षित, असा मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवरच्या तुमच्या लेखाचा सूर दिसतो. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीनं आधी पालकाची संमती घ्यावी, तीही पडताळून. तरतूद चांगलीच आहे, पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात ही संमती देणार कोण? घरात स्मार्टफोन एकच, सिम बापाच्या नावावर. मायबाप दोघंही वावरात कापूस वेचायला, अन् फोन पोट्ट्याजवळ. ओटीपी त्याच फोनवर येतो. बापाचं सोशल मीडियावरचं खातंही सातवीतल्या पोट्ट्यानंच काढून दिलेलं, त्यात जन्मसाल बापाचं. म्हणजे कंपनीच्या लेखी फोन पाहणारा चाळिशीचा गडी! मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायला याच कायद्यात बंदी आहे म्हणे. पण इथं मूल आहेच कुठं?

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी घातली. तिथं दंड कंपनीला, मुलाला किंवा मायबापाला नाही. बंदी कितपत टिकेल ते टिकेल, पण जबाबदारी योग्य मानेवर टाकली, हे मला पटलं.

आपल्याकडं १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. मुलांच्या अश्लील चित्रफितींची तक्रार सरकारी सायबर पोर्टलवर नाव न सांगताही करता येते. गावात बदनामीच्या भीतीनं लोक ठाण्याची पायरी चढत नाहीत, त्यांना हे कोणी सांगितलं? अंगणवाडीच्या भिंतीवर लसीकरणाचा तक्ता रंगवता, त्याखाली हा नंबर टाकायला किती रंग लागतो?