२७४ मिलियनच्या जाहिराती म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात तोच मेसेज तीन ग्रुपवर आला. एक इथल्या ओन्टारिओतल्या मराठी मंडळींचा, एक कॉलेजच्या मित्रांचा आणि तिसरा चक्क पुण्यातल्या नातेवाईकांचा (त्यांना कॅनडाच्या बजेटची काळजी कधीपासून लागली देव जाणे). मेसेज थोडक्यात असा: "आधी गांजा लीगल केला आणि मग 'नशा करून गाडी चालवू नका' हे सांगायला सरकारने २७४ मिलियन डॉलर जाहिरातींवर उडवले. हे शेंबड्या पोरालाही कळतं. गांजावाला उलट हळू चालवतो, पोलिसांकडे धड मशीन नाही, आपल्या लोकांचा याच्याशी काय संबंध, त्यापेक्षा हा पैसा सिनियर लोकांना द्या." खाली हात जोडलेले आणि कॅनडाचा झेंडा.

दोनदा सोडून दिलं, तिसऱ्यांदा राहवलं नाही.

आधी आकडा. २७४ मिलियन खरा आहे, सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झाला होता, पण जाहिरातींसाठी नाही. त्यातले साधारण ११३ मिलियन सीमेवरच्या आणि गँगच्या धंद्याला आळा घालायला. उरलेल्या १६१ मध्ये पोलिसांचं ट्रेनिंग, लाळेची टेस्ट करायची मशीन्स, रिसर्च, धोरणाचं काम आणि हो, लोकांना सांगणं पण, म्हणजे जनजागृती हा त्या यादीतला एक आयटम. १६१ पैकी ८१ पर्यंत तर प्रांतांनाच, पोलिसांची तयारी करायला. 'डोन्ट ड्राइव्ह हाय' ही फेडरल मोहीम डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, म्हणजे गांजा लीगल व्हायच्या (१७ ऑक्टोबर २०१८) आधी, त्यामुळे "आधी लीगल केला मग सांगत बसले" हेही उलटं आहे.

गांजाबद्दलच्या एकूण जनजागृतीसाठी वेगळे ४६ मिलियन होते, पाच वर्षांसाठी, आणि त्यात फक्त ड्रायव्हिंग नाही तर पोरांच्या तब्येतीबद्दल वगैरे सगळंच आलं. तेव्हा लोकसंख्या ३७ मिलियनच्या आसपास, करा भागाकार, माणशी सव्वा डॉलर, तोही पाच वर्षांत. टिम हॉर्टन्सची एक डबल-डबल कॉफी येत नाही त्यात.

आता ते शेंबडं पोर. माझा मुख्य राग या ओळीवर आहे कारण "कळतं" म्हणजे नक्की काय कळतं? दोन उन्हाळ्यांमागे आमच्याकडे बॅकयार्डमध्ये बार्बेक्यू होतं, माझा एक मावसभाऊ इंडियातून नवीनच आलेला, चांगला इंजिनियर, बिअरला हात लावणार नाही कारण गाडी चालवायचीय. कोणीतरी गमी, म्हणजे गांजा घातलेल्या गोड गोळ्या, आणल्या होत्या. पाकिटावर लाल अष्टकोनात पान, टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) लिहिलेलं, पिवळ्या चौकटीत वॉर्निंग, सगळं व्यवस्थित. त्याने अर्धी खाल्ली, वीस मिनिटं वाट बघितली, म्हणाला "काहीच होत नाय रे, लिमलेटची गोळी आहे ही", उरलेली अर्धीही खाल्ली आणि तासाभराने चावी घेऊन उठला. उठला आणि दारातच बूट शोधत उभा राहिला. बूट पायातच होते.

हा मूर्ख माणूस नाहीये. त्याला दारूचं गणित माहीत होतं, गमीचं नव्हतं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात, पुढे वाढत वाढत चार तासांपर्यंत जातो आणि बारा तास टिकू शकतो, हे हेल्थ कॅनडा सांगत असतं. ते सांगायला लागतं कारण ते अंगभूत ज्ञान नाही. चावी मी काढून घेतली, तो रात्रभर आमच्या सोफ्यावर. सकाळी पोहे खाताना मलाच विचारतो, आता चालवू का?

"दारूचं कसं सगळ्यांना आपोआप कळतं" असंही एकाने खाली लिहिलं. आपोआप? दारू पिऊन चालवणाऱ्यांना पकडायच्या पोलिसांच्या 'राइड' नाकाबंद्या ओन्टारिओत १९७७ ला टोरांटोतल्या इटोबिकोपासून सुरू झाल्या, तेव्हापासून दर ख्रिसमसला टीव्हीवर, रेडिओवर, शाळांमध्ये तेच तेच सांगून सांगून आज पार्टीला निघताना बायको विचारते की आज पिणार कोण आणि चालवणार कोण. हा प्रश्न गांजाच्या बाबतीत अजून कुठल्या घरात विचारतात सांगा.

"गांजावाला हळू चालवतो." हळू चालवतो म्हणजे बरं चालवतो हा शोध कोणाचा? मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १८ ते २४ वयाच्या ४५ जणांना, अधूनमधून घेणारे होते सगळे, १०० मिलिग्रॅम गांजा देऊन सिम्युलेटरवर बसवलं. सरळ रस्त्यावर फार फरक पडला नाही, ही खरी गोम आहे. पण लक्ष विचलित करणारं काही मध्ये आलं, जसं खऱ्या रस्त्यावर येतंच, तिथे पाच तासांनंतरही कामगिरी घसरलेली. म्हणजे ४०१ हायवेवर आपल्याच लेनमध्ये ऐंशीने चाललाय तोपर्यंत त्यालाही वाटतं मी एकदम ओके, आणि मग कोणीतरी इंडिकेटर न देता घुसतो.

मशीनबद्दल फॉरवर्ड अर्धं बरोबर आहे, उगाच नाकारत नाही. पहिलं लाळेचं मशीन ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर झालं, ड्रेगर कंपनीचं, आणि त्याला चार डिग्रीच्या खाली वापरू नका म्हणतात. कॅनडात! जानेवारीत! हसू आलं मलाही. शिवाय दारूची फुंकणी पोलीस कायदेशीर थांबवलेल्या कुठल्याही ड्रायव्हरसमोर धरू शकतात, ड्रग्जच्या टेस्टला मात्र आधी संशयाला काहीतरी कारण लागतं. पण मशीनशिवायही ट्रेनिंग घेतलेले अधिकारी तपासणी करतात, रक्त घेता येतं, आणि केसेस होतात. आणि समजा मशीन भंगार आहे असंच धरलं, तर मग माणसाने चावीला हात लावायच्या आधीच त्याला अडवणं जास्त महत्त्वाचं झालं की कमी? तुमचाच मुद्दा तुमच्या मेसेजच्या विरुद्ध जातोय दादा.

आपल्या लोकांचा संबंध नाही? नीट वाचा, कारण हे ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं. १८ डिसेंबर २०१८ पासून इम्पेअर्ड ड्रायव्हिंगची (नशेत गाडी चालवण्याची) कमाल शिक्षा १० वर्षं झाली, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात कमाल १० वर्षांचा गुन्हा म्हणजे 'गंभीर गुन्हेगारी'. प्रत्यक्षात कोर्टाने नुसता हजार डॉलर दंड करून सोडलं तरी पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, धोक्यात येऊ शकतं. रक्ताच्या दर मिलिलिटरमध्ये टीएचसी २ ते ५ नॅनोग्रॅमच्या मध्ये असलं तर जी फक्त दंडाची केस असते ती वेगळी, पण ५ च्या वर, किंवा थोडी दारू आणि थोडा गांजा एकत्र, की आलात यात. जन्माने कॅनेडियन असलेल्याचं लायसन जाईल, रेकॉर्ड होईल, पण त्याला कोणी विमानात नाही बसवणार. आणि ओन्टारिओत जी१, जी२ (नवशिक्यांचं लायसन) वाल्यांना, २१ आणि त्याखालच्यांना, ट्रकवाल्यांना झीरो टॉलरन्स, मशीनवर गांजा दिसला की पहिल्याच वेळी काही दिवस लायसन बंद आणि वर दंड. इंडियातून आलेली आपली पोरं सुरुवातीला कुठल्या लायसनवर असतात?

माझीही एक तक्रार आहे सरकारवर, उगाच वकिली करायची नाही. यातलं पीआरचं मला कुठल्या जाहिरातीतून कळलं नाही, एका वकिलाकडून कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. पैसा कमी पडतोय की चुकीच्या वाक्यांवर जातोय यावर भांडूया, मी तुमच्या बाजूने येईन. जाहिरातींमुळेच लोक सुधारले असंही मी म्हणणार नाही, त्याच काळात कायदा पण बदलला, दंड पण वाढले, कशाने काय झालं हे वेगळं काढणं सोपं नाही.

राहिले सिनियर लोक. ब्रिटिश कोलंबियात अपघातात जखमी होऊन हॉस्पिटलात आलेल्या ४,३३९ ड्रायव्हरांचं रक्त तपासलं होतं, २०२२ च्या सुरुवातीला छापून आलं. २ नॅनोग्रॅम किंवा जास्त टीएचसी असलेले लीगल व्हायच्या आधी ३.८ टक्के, नंतर ८.६ टक्के. आणि सगळ्यात जास्त वाढ कॉलेजच्या पोरांमध्ये नाही, पन्नाशी आणि त्यापुढच्यांमध्ये.

आमच्या ओळखीचे एक काका झोप लागावी म्हणून जिभेखाली तेलाचे थेंब टाकतात आणि पहाटे पाचला नातवाला हॉकीला सोडायला गाडी काढतात. हा फॉरवर्ड पहिल्यांदा त्यांनीच टाकलेला. परवा मी बाटली हातात घेऊन टीएचसीचा आकडा मोठ्याने वाचला, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अरे, ते आयुर्वेदिक आहे ना?"