पाडकामाचा क्रम भंगाराच्या भावावर ठरवू नका

इमारत बांधायची म्हटली की नकाशे, मंजुऱ्या, तपासण्या सगळं होतं. पाडायची म्हटली की एकच प्रश्न विचारला जातो, किती दिवसांत मोकळं करून देता? स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मी बरीच वर्षं पाडकामाच्या साइट बघतोय, आणि या प्रश्नाची मला मनापासून भीती वाटते.

व्यापारी इमारतीत भंगार भरपूर असतं. तांब्याच्या केबल, एसीचे डक्ट, लिफ्ट, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी, लोखंडी गर्डर. कामाचा मोबदला बऱ्याचदा यातूनच वसूल व्हायचा असतो. त्यामुळे जे विकलं जातं ते आधी निघतं. डक्ट आणि चौकटी आधी निघाल्या तर बिघडत नाही. गर्डर आणि वासे आधी निघाले तर माणसं मरतात.

हे उगाच म्हणत नाही. ५ जून २०१३ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटवर एक चार मजली इमारत पाडणं चालू होतं. आधाराविना उरलेली तिची भिंत शेजारच्या दुकानावर कोसळली. दुकान उघडं होतं, आत गिऱ्हाईकं होती. सहा जण त्या दिवशी गेले, सातवी व्यक्ती काही दिवसांनी. खटल्यात समोर आलं की विकण्याजोगे वासे आधीच काढून घेतले होते. उंच भिंत स्वतःच्या जोरावर उभी नसते हो. प्रत्येक मजला तिला आडवा धरून ठेवतो. मजले काढले आणि भिंत तशीच ठेवली, तर ती कधी पडेल एवढंच ठरायचं बाकी राहतं.

म्हणून वरून खाली, मजल्यामागून मजला, हा क्रम. आधी स्लॅब, मग दुय्यम बीम, मग मुख्य बीम, शेवटी कॉलम. आणि भिंती त्या त्या मजल्याबरोबरच उतरवायच्या. नियम साधा आहे, पण प्रत्येक इमारतीत त्याला अपवाद असतात आणि ते शोधणं हेच नियोजनाचं खरं काम. तळमजल्यावर मोठा हॉल हवा म्हणून मधले कॉलम गाळून वरचं ओझं एकाच जाड बीमवर घेतलेलं असतं. पोस्ट-टेन्शन स्लॅब, म्हणजे आत पोलादी केबल ताणून बसवलेली स्लॅब असेल, तर एकेका केबलमध्ये दहा-बारा टनांचा ताण असतो. ती केबल नकळत कापली गेली तर स्लॅबचा आधारच जातो आणि केबलचं टोक गोळीसारखं बाहेर येऊ शकतं. जुनं ड्रॉइंग मिळालं तरी त्यावर पूर्ण विसंबू नका. वीस-तीस वर्षांत भाडेकरूंनी कुठे जिना फोडलेला असतो, कुठे पोटमाळा चढवलेला असतो. प्लास्टर खरवडून बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

राडारोड्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा हिशेब मांडतो. ऑफिसच्या मजल्यावर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो ओझं धरलेलं असतं. फुटलेल्या काँक्रीटचा घनमीटर दीड टनाच्या आसपास भरतो. म्हणजे ढीग गुडघ्यापर्यंतही पोचायच्या आत, ३० सेंटिमीटरलाच, ४५० किलो झाले. त्यावर ब्रेकर लावलेलं मिनी पोकलेन चढवलं की खालची स्लॅब काय करणार? राडारोडा रोजच्या रोज उतरलाच पाहिजे, आणि मशीनखालचे दोन-तीन मजले हिशेब करून टेकू लावून धरलेच पाहिजेत.

विजेचा एक प्रसंग सांगतो. एका साइटवर मेन स्विच बंद होता, मीटर निघाले होते. फॉल्स सीलिंगमधली केबल कापायला एक मुलगा शिडीवर चढला. मुकादम म्हणाला, "साहेब, सगळं बंद आहे." तरी टेस्टर लावायला सांगितला. दिवा लागला! शेजारच्या इमारतीतून कधीतरी ओढलेली लाइन होती, कुठल्याच नकाशात नसलेली. तो मुलगा शिडीवरून उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, माझेही. तेव्हापासून वीज, गॅस, पाणी इमारतीच्या बाहेरच तोडून लेखी मिळाल्याशिवाय मी काम सुरू होऊ देत नाही. जनरेटरची डिझेल टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. तिच्याजवळ गॅस कटर नेण्याआधी ती धुऊन तपासून घ्यावी लागते. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आणि पाइपवरचं वेष्टण तर तोडफोडीआधी प्रशिक्षित माणसांनीच, ओलं करून, न फोडता उतरवायचं.

आणि कुंपणाबाहेरचं जग. ९ जून २०२१ रोजी दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूत पाच मजली इमारत पाडताना रस्त्यावर आडवी झाली, थांब्यावर आलेल्या बसवर. नऊ जण गेले. मशीन वर पोचावं म्हणून इमारतीला लागून मातीचा ढीग रचला होता आणि वरचे मजले उभे असतानाच खालचा भाग पोखरला होता. बसथांबा मात्र जागच्या जागी होता. थोडा पुढे सरकवला असता तर ती बस तिथे नसती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमच्या दुकानाशेजारी, ऑफिसशेजारी पाडकाम सुरू झालं तर संकोच करू नका. जाऊन विचारा, क्रम कुणी ठरवला, कागदावर दाखवा. तुमच्या भिंतीतल्या तड्यांवर तारीख लिहून फोटो काढून ठेवा. आणि रोज मान वर करून एवढं बघा, की तुमच्या बाजूच्या उंच भिंतीला मागून धरणारं काही उरलंय का. नसेल तर त्याच क्षणी माणसांना बाहेर काढा, शटर ओढा आणि मग तक्रार करायला जा.