पंख्याला नाव, बिलाला नाही

नगरहून ताईचा फोन आला की मंडळीची, म्हणजे आमच्या तिथल्या चर्चची, खबरबात मागोमाग येतेच. या वेळी वार्षिक सभेची होती. तीन महिन्यांचं लाइट बिल थकलंय, झाडलोट करणाऱ्या बाईंना पगार उशिरा मिळतो, तेव्हा प्रत्येक घरानं दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, असं खजिनदार म्हणाले. त्यावर एक गृहस्थ तावातावानं उठले, "देवाच्या घराला मेंटेनन्स लावता? ही काय सोसायटी आहे? फॉरेनमध्ये सरकार चर्चला पोसतं. तिथे कोणी असं मागत नाही."

फॉरेनमध्ये म्हणे! इकडे इंग्लंडात, लीड्समध्ये चहा गार झाला तरी माझं डोकं तापलेलंच.

मागत नाही? गेल्याच रविवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या वॉर्डनबाई उपदेशानंतर दहा मिनिटं बॉयलरवर बोलल्या. गॅसचं बिल किती, पॅरिश शेअर, म्हणजे धर्मप्रांताला द्यायचा वाटा, किती बाकी, कोणाकोणाची बँकेतली दरमहाची स्टँडिंग ऑर्डर जुन्याच रकमेवर अडकलीय. नावं घेतली नाहीत, पण बघायचं तिकडे बघितलं. जानेवारीत आम्ही मोठं चर्च बंद ठेवून मागच्या हॉलमध्ये उपासना करतो, तीही अंगात कोट ठेवूनच. सरकारचा हातभार म्हणाल तर गिफ्ट एडचा. मी कर भरतो आणि फॉर्मवर सही केलीय, म्हणून माझ्या पौंडामागे चर्चला २५ पेन्स जास्त मिळतात. पण आधी मी पौंड टाकला पाहिजे! सक्तीची चर्चपट्टी तर इथे १८६८ सालीच गेली. त्या गृहस्थांच्या डोक्यात जर्मनी असावी. तिथे आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर पगारातून कापला जातो. पण तो कापतात चर्चच्या सभासदांचाच, आणि नको असेल त्यानं कचेरीत जाऊन रीतसर बाहेर पडायचं. म्हणजे सरकार नुसतं वसूल करून देतं. आपल्याकडे असा कर लावला तर पहिले हेच गृहस्थ कचेरीच्या दारात उभे दिसतील.

पैसे नाहीत असंही नाही. याच मंडळीनं वेदीपुढच्या ग्रॅनाइटसाठी दोन महिन्यांत पैसे उभे केले. कापणीच्या सणाच्या लिलावात एक भोपळा बाराशेला जातो, कारण बोली सगळ्यांसमोर लागते. लाइट बिलाला टाळ्या पडत नाहीत. नगरच्या चर्चमध्ये मान वर करून बघा, एकेका पंख्याच्या पात्यावर लाल रंगात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पंखे चौदा, पण ते ज्या विजेवर फिरतात तिच्यावर कोणाचंच नाव नाही.

माझी आजी रोज दळणातून मूठभर ज्वारी डब्यात बाजूला टाकायची आणि महिनाअखेरीस तो डबा पाळकसाहेबांच्या घरी द्यायची. त्या मुठीचं काय झालं, हे तिनं कधी विचारलं नाही. बायबलातल्या गरीब विधवेनं दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन नाण्यांवर, दरवर्षी उपदेश होतो, पण त्या टोल्यांतून मंदिराचं तेल आलं की झाडू, हे कोणी विचारत नाही. मला वाटतं, खोड जुनी आहे. अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आलं, आणि पुढे कितीतरी वर्षं समुद्रापलीकडच्या पैशांचा आधार राहिला. साहेब केव्हाच गेले, तरी बोटीकडे बघायची सवय काही गेली नाही.

हे सगळं मी ताईला ऐकवलं. ती म्हणाली, "तुमच्या चर्चमध्ये माणसं किती असतात रे?"

अठ्ठावीस. चौपन्नाव्या वर्षी मी तिथल्या तरुणांत मोडतो. नगरला नाताळात खुर्च्या बाहेर मांडाव्या लागतात. हे मी तिला सांगितलं नाही, तिला ते माहीत होतं.

आणि त्या चौदा पंख्यांतला एक माझा आहे. वडील गेले त्या वर्षी मी पैसे पाठवले आणि पात्यावरचं नाव नीट आलं का, हे पाहायला फोटोही मागवला. तो फिरवायला महिन्याला किती लागतात, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. म्हणून सभेची हकिगत ऐकून खजिनदारांना फोन केला आणि म्हटलं, दरमहा दोन हजार माझ्याकडून, नाव कुठे नको. ते जरा अवघडून म्हणाले, "भाऊ, तुम्ही पासपोर्ट बदललात ना? मग तुमचा पैसा आता परदेशी धरतात. आपल्या मंडळीला एफसीआरए, म्हणजे परदेशी पैसा घ्यायची परवानगी, नाही. घेता येत नाही."

पंख्याच्या वेळी माझा पासपोर्ट भारताचा होता, तेव्हा चाललं. मी म्हटलं, बरं, नाताळात येतोय, तेव्हा रोख टाकीन. ते म्हणाले, तेही तेच, रुपयांत दिलं तरी. कायदा मला त्यांच्याकडून कळला. ताईला म्हटलं, तुझ्या नावानं टाक. ती म्हणाली, "माझ्या दानाच्या पाकिटात माझंच राहू दे."

नाताळात वडिलांच्या पंख्याखालीच जागा मिळाली. थंडीमुळे तो बंद होता. दानार्पणाचं गीत सुरू झालं, थैली आमच्या बाकापर्यंत आली. खिशातली पाचशेची नोट मी मुठीत नुसतीच चुरगाळत होतो. ताईनं माझ्याकडे न बघता आपलं पाकीट माझ्या हातात दिलं, थैलीत टाकायला.