ऊन पडलं की विषाणू मेला, असं नसतं

‘एक वाचक’ यांस,

बास रॉकवरच्या गॅनेट या समुद्रपक्ष्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “बाईंनी खुराडंसुद्धा पाहिलेलं दिसत नाही. बर्ड फ्लूचा विषाणू उन्हात तासाभरात मरतो. पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. मेलेले पक्षी उचलणं ही निसर्गात ढवळाढवळ.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण मुद्द्याला हात घालायच्या आधी लिहिणारीची लायकी काढायची, ही कुठली रीत? अहो, मी नवापूरची. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याकडे निघाला. मामांची शेड होती. पांढऱ्या पोशाखातली माणसं कोंबड्या पोत्यांत भरत होती आणि मामी ओट्यावर पदर तोंडाला लावून बसली होती. शेड रिकामी झाल्यावर काम संपलं नाही. तूस, विष्ठा, उरलेलं खाद्य, सगळं पुरलं, वर चुना टाकला. ऊन तेव्हाही होतं. त्याच्यावर कुणी भरवसा ठेवला नाही. हे सगळं पाहिलेल्या बाईला तुम्ही खुराडं शिकवताय.

पीसीआरचं बरोबर आहे. त्या चाचणीत विषाणूचे जनुकीय तुकडे सापडतात, तो जिवंत आहे का ते कळत नाही. मान्य.

पण तासाभराचं ऊन? बास रॉक हा स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळचा खडक. २०१४ मध्ये तिथे गॅनेटच्या ७५ हजारांवर जोड्या मोजल्या होत्या. २०२२ च्या बर्ड फ्लूच्या साथीनंतर, २०२३ मध्ये, जोड्यांनी व्यापलेल्या घरट्यांच्या जागा ५२ हजारांच्या आसपास उरल्या. घरटी इतकी खेटून की मान लांबवली तर शेजाऱ्याला चोच लागते. घरटं म्हणजे समुद्रशेवाळ, पिसं आणि विष्ठेचा थर. ऊन लागतं वरच्या पापुद्र्याला. खाली ओल आणि गारवा, विषाणूला हवा तसा. जपानी संशोधकांनी बदकांच्या पिसांतला एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू तपासला, तेव्हा तो ४ अंश सेल्सिअसला १६० दिवस आणि २० अंशांना १५ दिवस टिकला. आणि त्यांनी नुसते तुकडे शोधले नव्हते, संसर्ग करू शकणारा विषाणू मोजला होता.

ढवळाढवळीवर वाद घालत बसत नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांच्या ज्या वसाहतींतून मृत पक्षी उचलले, तिथे मृत्यू कमी दिसले, एवढं पुरे.

तुमचा तासाभराचा आकडा किती तापमानाचा, ओल्या विष्ठेतला की कोरड्या पृष्ठभागावरचा, ते कळवा. टोमणे वगळून कळवलंत तर उत्तर देईन.