अल पचिनो घेऊनसुद्धा इतका पोकळ सिनेमा?

'टू फॉर द मनी' बघून उठले आणि डोकं तापलंय. २००५ चा सिनेमा. अल पचिनो, मॅथ्यू मॅकॉनहे, रेने रूसो. हाताशी एवढी ताकदीची माणसं, विषय सट्ट्याचा, आणि दाखवलंय काय? सूट, गाड्या, न्यूयॉर्कची चकचकीत ऑफिसं. सट्टा नेमका चालतो कसा, ते सांगायची वेळ आली की कॅमेरा दुसरीकडे वळतो.

गोष्ट ब्रँडनची, म्हणजे मॅकॉनहेची. गुडघा मोडल्यामुळे अमेरिकन फुटबॉल सुटलेला हा पोरगा लास वेगासमध्ये सट्टा लावणाऱ्यांना फोनवर टिपा देत असतो. पचिनोचा वॉल्टर त्याला न्यूयॉर्कला आणतो, 'जॉन अँथनी' असं नवं नाव देतो आणि विकायला काढतो. का, तर याच्या ८० टक्के टिपा बरोबर येतात म्हणे.

८० टक्के! अहो, अमेरिकन फुटबॉलच्या सट्ट्यात साधारण ११० डॉलर लावले तर जिंकल्यावर नफा १०० चा, आणि हरल्यावर मात्र ११० च्या ११० जातात. मधले दहा बुकीचे. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायचं तरी शंभरात जवळपास ५३ वेळा जिंकावं लागतं. वर्षानुवर्षं ५५ टक्क्यांवर टिकणाऱ्याला त्या धंद्यात मानतात. आणि खरंच कोणाला ८० टक्के जमत असतं, तर तो लोकांना टिपा कशाला विकत बसला असता? गपचूप स्वतःच खेळला असता! हा साधा प्रश्न दोन तासांत एकाही पात्राला पडत नाही.

टिपा विकणाऱ्यांची जुनी युक्ती काय आहे माहितीये? ६४ जणांचे फोन आले तर ३२ जणांना सांगायचं हा संघ जिंकणार, उरलेल्या ३२ जणांना सांगायचं तो. पुढच्या आठवड्यात ज्यांची टिप लागली त्यांचे पुन्हा दोन भाग. तीन आठवड्यांनी आठ जण असे उरतात की ज्यांच्या मते तुम्ही देव आहात. मग त्यांच्याकडून हवे तेवढे पैसे काढा. यावर केवढा थरारक सिनेमा झाला असता! आपल्याकडे आयपीएलच्या दिवसांत टेलिग्रामवर 'पक्की टिप' विकणारेही याच भाबडेपणावर जगतात. पण ते दाखवलं तर हिरो भामटा ठरतो ना, मग कसं चालेल?

सगळ्यात जास्त राग एका प्रसंगाचा येतो, कारण तो चांगला आहे. जुगार सोडू बघणाऱ्यांच्या बैठकीत वॉल्टर उभा राहतो आणि म्हणतो, आपल्याला व्यसन हरण्याचं आहे. पचिनोने काय बोललंय ते! आणि त्याच खोलीत तो आपल्या धंद्याचं कार्ड पुढे करतो. इथे खरा सिनेमा होता. याच माणसाच्या मागे जायचं होतं. पण नाही, लगेच पुन्हा पार्ट्या, पुन्हा घोषणाबाजी, पुन्हा मॅकॉनहेची पिळदार छाती.

बुडालेली माणसं दिसतात ती ओझरती. एक बडा जुगारी ब्रँडनच्या टिपांवर प्रचंड पैसा हरतो आणि बागेत गाठून त्याच्या अंगावर लघवी करतो. म्हणजे नुकसान गिऱ्हाइकाचं, आणि सहानुभूती कोणाला? हिरोलाच!

शेवट तर संतापजनक आहे. शेवटच्या टिपा ब्रँडन नाणं उडवून ठरवतो, आणि त्या लागतात! वॉल्टरने सगळं पणाला लावलेलं असतं, तो तरतो. ब्रँडन शहर सोडून लहान मुलांना फुटबॉल शिकवायला जातो, पाठीमागे गोड संगीत. दोघेही सुटले. आणि याआधीच्या टिपांवर ज्यांनी घर घालवलं, पोरांच्या शिक्षणाचे पैसे घालवले, ते? त्यांच्यासाठी दोन मिनिटं नव्हती तुमच्याकडे? त्यांच्या घरी एकदा तरी कॅमेरा न्यायचा होता!