ओव्हरफ्लोची नळी आणि ‘गोंदाचा जुगाड’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मालक,

दुचाकीच्या कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) बाऊलमधली, म्हणजे त्याच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीतली, ढिली ओव्हरफ्लोची नळी घरी कशी बसवायची, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: ‘गोंद लावायला सांगून तुम्ही लोकांना पेट्रोलशी खेळायला लावताय. कुणाच्या घरात भडका उडाला तर जबाबदार कोण? नवीन टाकायचं आणि मोकळं व्हायचं.’ स्वतःचं गॅरेज असलेल्या माणसाला हे वाचून राग येणारच. पण जे मी लिहिलंच नाही, ते माझ्या नावावर खपवू नका.

आधी भडक्याचं. तिथे तुमच्याशी वाद नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो, तेव्हा ताटलीतलं पेट्रोल बघता बघता उडून जातं. वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत सरकत थेट कोपऱ्यातल्या समईपर्यंत पोचते. म्हणून हे काम गच्चीवर नाहीतर अंगणात, सकाळच्या गारव्यात, आणि शेजारी वाळूचं घमेलं ठेवून. पाणी नको. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग आणखी पसरते. (तसंही सोलापुरात नळाला पाणी रोज कुठे येतंय, उडवायला!)

आता नळीचं. गाडी नुसती उभी असताना खालच्या रबरी पाइपातून पेट्रोल टपकायला लागलं की बऱ्याच गॅरेजात एकच निदान होतं: ‘ओव्हर होतंय, फ्लोटची निडल बदला.’ (पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर आला की ही निडल पेट्रोलची वाट बंद करते.) निडल बदलली तरी टपकणं चालूच. मग फ्लोट बदलतात. शेवटी अख्खा कार्बोरेटर. यात नळीकडे कुणी बघतच नाही. बाऊलमध्ये उभी असलेली ही बारीक पितळी नळी दाबून बसवलेली असते. निडल अडकून पेट्रोल चढलं, तर ते इंजिनात न जाता नळीच्या तोंडातून खाली जावं, एवढंच तिचं काम. पण साफसफाई करताना कुणी तार घालून तिला हलवलं, किंवा पाण्याने बुडाशी पांढरी पूड धरली, की ती बुडात सैल होते. मग पातळी अगदी बरोबर असली तरी पेट्रोल बुडातून झिरपत राहतं. अशा वेळी नवीन निडल टाकून काय होणार?

तपासायला पाच मिनिटं लागतात. बाऊल काढा आणि ड्रेनचा स्क्रू आधी घट्ट करा, कारण त्याचीही वाट नळीच्याच निपलला, म्हणजे रबरी पाइप लागतो त्या तोंडाला, जाते आणि त्याची गळती नळीच्या माथी बसते. नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा. निपलला रबरी पाइप लावा, नळीचं वरचं तोंड बोटाने दाबा आणि बिनसुईच्या सिरिंजने पाइपातून हळू हवा सोडा. बुडबुडे नळीच्या बुडाशी आले तर नळी ढिली. मध्येच तिच्या अंगावर आले तर नळी उभी चिरली आहे, आणि तिथे माझा लेख संपला. ड्रेनच्या भोकातून आले तर स्क्रूचं बघा.

राहिला तुमचा ‘गोंद’. नळी धरून ठेवते ती दाबून बसवल्याची पकड, गोंद नव्हे. म्हणून लेखात आधी उंची मोजायला सांगितली आहे. नळी खाली गेली तर नेहमीच्या पातळीलाच पेट्रोल वाहून जाईल, वर राहिली तर इंजिनात उतरेल. मग आत बरोबर मापाच्या ड्रिलची गुळगुळीत दांडी घालायची, म्हणजे नळी चेपत नाही, आणि पिळत बाहेर काढायची. खालचं टोक लाकडी फळीवर ठेवून वरून कानस दाबत फिरवलं की त्यावर बारीक खरखरीत रेघा उठतात आणि नळी केसभर जाड होते. व्हाइसमध्ये लाकडाच्या तुकड्याने दाबून ती पहिल्या उंचीला बसली की पकड तिथेच आली. तुम्ही ज्याला ‘गोंद’ म्हणताय ते बेअरिंगच्या दुकानात मिळणारं रिटेनिंग कंपाऊंड फक्त उरलेली फट भरतं. हवा बंद आणि धातूचा स्पर्श असेल तिथेच ते घट्ट होतं. बाहेर राहिलेला थेंब ओलाच राहतो, तो पुसून टाकायचा आणि २४ तास बाऊलला हात लावायचा नाही. हार्डवेअरमधली दोन ट्यूबांची एपॉक्सी मी मुद्दाम टाळली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात असली बरीच एपॉक्सी मऊ पडते.

तुमच्या खाली एकाने ‘गॅसच्या टॉर्चने डाग मारून घ्या’ असं सुचवलंय, आणि त्याला तुम्ही काहीच बोलला नाहीत, याचं नवल वाटलं. छोट्या गाड्यांचे बरेच कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. तो ३८० अंशांच्या आसपास वितळतो. टॉर्च धरली की नळी राहील हातात आणि बाऊल ओघळून जाईल.

‘नवीन टाका’ म्हणायला माझी हरकत नाही, पण सुटा बाऊल मागितला की बहुतेक दुकानदार पूर्ण कार्बोरेटर समोर ठेवतात. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे धुराचे नियम आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं, हे खरं. पण होटगी रोडवर सकाळी दहा मिनिटं उभं राहा, किती जुन्या शंभर सीसी गाड्या जातात ते बघा. त्या मालकांना अख्ख्या कार्बोरेटरचा खर्च कशाला सांगायचा? आणि नळी चिरलेली असेल, आटे गेले असतील किंवा थ्रॉटलचा स्लाइड (ॲक्सिलरेटर पिळला की कार्बोरेटरात वर सरकणारा तुकडा) खडखडत असेल, तर माणूस तुमच्याच दारात येणार आहे. ते घरचं काम नाही, हे लेखातही आहे.

तुमच्याकडे अशी नळी आली की तुम्ही ती कशी बसवता, तेवढं लिहा. तुमची पद्धत बरी निघाली तर लेखात वर टाकतो. फक्त ‘नवीन टाका’ सोडून.