गाडीचे साहेब

आज सकाळी नवऱ्याच्या फोनवर मेसेज आला. वर उगवता सूर्य, दोन गुलाब, शुभ सकाळ आणि खाली एक ओळ : 'वहिनींना आज कूलंट बघून घ्यायला सांगावे.' नवऱ्याने चहा पितापिता ते मला वाचून दाखवलं आणि वर स्वतःच्या पदरचं घातलं, "बघून घे गं. महिन्यातून एकदा तरी बघायचं असतं म्हणे."

गाडी माझी आहे. आरसीवर नाव माझं, हप्ते माझ्या पगारातून गेले, चालवते मी. नवऱ्याकडे लायसन्स नाही. शेजारच्या सीटवर बसून गाणी लावणे आणि टोलनाका आला की 'फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना?' असं विचारणे, एवढाच त्याचा आणि वाहनाचा संबंध. अशा माणसाच्या तोंडी कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) हा शब्द आला तो खंबाटकी घाटातल्या काकांच्या कृपेने.

मे महिन्यातला शनिवार होता. अख्खं पुणे महाबळेश्वरला निघालं होतं आणि मी आपली साताऱ्याला मावशीकडे. खंबाटकीचं तेव्हा असं होतं की पुण्याकडे येताना बोगदा मिळायचा, जाताना मात्र घाटच चढायला लागायचा. पुढे एखादा भरलेला ट्रक अडला की मागे सगळे पहिल्या गिअरवर. एसी आधीपासूनच कोमट वारा टाकत होता. तेवढ्यात समोर तापमानाचा लाल दिवा लागला.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवते. पूर्वी गाड्यांमध्ये तापमानाचा काटा असायचा. काटा हळूहळू वर सरकताना दिसायचा, माणूस सावध व्हायचा. आता कित्येक गाड्यांतून तो काटा गेला. त्याजागी दोनच दिवे. निळा म्हणजे इंजिन अजून गार आहे, लाल म्हणजे झालं कल्याण. मधला सगळा प्रवास गुपचूप. त्याच डॅशबोर्डवर मोठा टचस्क्रीन आहे, त्यावर घाटातही आपण घाटात आहोत हे दाखवणारा नकाशा आहे, पण चार आण्याच्या काट्याला जागा नाही.

लाल दिवा लागला की काय करायचं हे मला माहीत आहे. मी ती पुस्तिका वाचलेली आहे, जी बाकीच्यांच्या गाडीत पीयूसीच्या कागदाखाली प्लॅस्टिकसकट पडून असते. एसी बंद केला आणि हीटर पूर्ण चालू केला. इंजिनातलं गरम पाणी हीटरमधून फिरतं, त्यामुळे तेवढी उष्णता इंजिनातून निघून गाडीत येते. मे महिन्यात, भर दुपारी, हीटर. काचा खाली करून, घामाने निथळत, हॅझार्ड लावून मी गाडी कशीबशी डावीकडच्या रुंद जागेत घेतली. इंजिन बंद केलं. बॉनेटखाली शांतता. एवढ्या तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचा, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी गार करणाऱ्या जाळीचा, पंखा गरगरत असायला हवा होता, तो ढिम्म होता. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो. गोगलगायीच्या वेगाने चढताना सगळी मदार पंख्यावर, आणि पंखाच संपावर. म्हणजे निदान झालं, आता इंजिन गार होईपर्यंत थांबायचं आणि मदतीला फोन करायचा. मी लाल त्रिकोण काढून मागे लांबवर नेऊन ठेवला. परत येते तर एका बाईंनी रिक्षातून मान काढून विचारलं, "केवढ्याला दिला?"

आणि मग काका आले.

आमच्या शेजारी स्वारगेटहून सुटलेली एक एसटी अडकून उभी होती. तिच्यातून पाय मोकळे करायला उतरलेल्यांत हे होते. फिकट निळा सफारी, खिशाला दोन पेनं, एका हातात फ्लॉवरचा गड्डा असलेली पिशवी, खांद्यावर पंचा. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. चारही टायरांना एकेक लाथ मारली. मग माझ्याकडे न बघता, गाडीच्या आत डोकावत म्हणाले,

"साहेब कुठंयत?"

"कुठले साहेब?"

"गाडीचे."

"गाडीची साहेब मीच आहे."

हे त्यांनी विनोद म्हणून घेतलं. मनापासून हसले. मग पुन्हा आत बघितलं, मागच्या सीटवर साहेब झोपले असतील तर म्हणून.

"गरम झालीय," काका म्हणाले.

"हो."

"पानी टाकाय लागतंय."

"आत्ता नाही टाकायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकतं, चीर जाते. आणि नुसतं पाणी नाहीच टाकायचं, कूलंट लागतं."

काकांनी माझं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली. ऐकलं नाही, वाट पाहिली. या दोहोंतला फरक बायकांना लांबून कळतो. मग त्यांनी पंचा हाताला गुंडाळला आणि बॉनेटकडे निघाले. मी मध्ये उभी राहिले.

"काका, झाकण उघडू नका. आत दाब असतो. उकळतं पाणी अंगावर येईल. घरी शिट्ट्या चालू असताना कुकरचं झाकण काढता का तुम्ही?"

"घरी मी कुकर लावत न्हाई," काका शांतपणे म्हणाले.

यावर काय बोलणार? उदाहरण अगदी चपखल होतं हो. कुकर काय नि रेडिएटर काय, दोन्हीकडे झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याच्या पुढे जातं. झाकण काढलं की सगळं एकदम उसळतं. पण ज्याने जन्मात कुकर लावला नाही त्याला सांगून काय उपयोग.

काकांचा अधिकार मेहुण्यांच्या जीपवरून आला होता. मेहुण्यांची जीप पाण्यावर चालायची, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत होतं. दर नदीला थांबायचं, पाणी ओतायचं, पुढे जायचं. "आन् दिवा?" मी विचारलं. "दिवा लई लागायचा," काका म्हणाले, "मग दाजींनी वायरच काढली दिव्याची. परत कधी लागला न्हाई." जीपचं पुढे काय झालं ते विचारायचं मी टाळलं.

हसू नका. वायर काढणारे दाजी घरोघरी आहेत. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक कारला सीटबेल्ट न लावल्यास ओरडणं सक्तीचं आहे. तर ते ओरडणं बंद व्हावं म्हणून लोकांनी पट्ट्याच्या खाचेत बसवायच्या नुसत्या क्लिपा विकत घेतल्या. इतक्या, की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांना त्या हटवायचे आदेश द्यावे लागले. पट्टा लावायला लागतात दोन सेकंद. पण क्लिप शोधायची, मागवायची, घरी नसताना वॉचमनकडे ठेवायला सांगायची, हे सगळं करतील. त्याच नियमाने गाडी ऐंशीच्या पुढे गेली की टुंग करते. एक्स्प्रेस वेवर मर्यादा शंभरची आणि गाडीचा कटकटीचा आकडा ऐंशीचा. हे मात्र मलाही पटत नाही. कायद्याने वागणाऱ्या बाईला टुंग कशासाठी? आणि इंजिनाचा पिवळा दिवा तर कुणी मोजतच नाही. पुण्यात पिवळा दिवा म्हणजे दामटा, असंच सगळ्यांना सिग्नलवर शिकवलेलं आहे. वास्तविक तो स्थिर असेल तर लवकर दाखवून घ्यायचं. लुकलुकत असेल तर बहुधा पेट्रोल नीट न जळता पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतंय आणि तुमच्या खिशाला मोठं भोक पडतंय.

असो. मी मदतीच्या नंबरावर गाडी नेमकी कुठे उभी आहे ते सांगितलं. (कुणाला लागला तर राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आहे.) फोन ठेवते तोच नवऱ्याचा आला. 'पोचलीस का?' माझ्या हातात पाण्याची बाटली, पर्स आणि रुमाल, म्हणून फोन स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवला. पुढचं मला कळायच्या आत घडलं. काकांनी तो उचलला.

"साहेब, नमस्कार. मी खंबाटकीतून बोलतोय."

पलीकडे शांतता. मग नवऱ्याचा बारीक आवाज, "काय झालं?"

"घाबरू नका. वहिनी सुखरूप आहेत. गाडी तापलीय. मला सांगा, गाडी कुठली आहे?"

"पांढरी आहे," नवरा म्हणाला.

"पांढरी दिसतीय मला. पेट्रोल का डिझेल?"

"थांबा हं, हिला विचारतो. आहे का ती तिथे?"

"हितंच हायेत."

"अगं, आपली गाडी पेट्रोल आहे का डिझेल?"

"पेट्रोल," मी काकांच्या कोपराजवळून म्हणाले.

"पेट्रोल आहे," नवऱ्याने काकांना कळवलं.

"पेट्रोल का! मग बरोबर." काय बरोबर ते दोघांनाही माहीत नव्हतं, पण दोघांनाही बरं वाटलेलं दिसलं. "सर्व्हिसिंग कधी केलं होतं साहेब?"

"सर्व्हिसिंग कधी केलं होतं गं?"

"पंधरवडा झाला."

"पंधरवडा झाला म्हणते."

"म्हणजे गाडी तशी चांगली ठेवलीय तुम्ही," काका नवऱ्याला म्हणाले. आणि नवरा, मला वाटलं आता तरी तोंड उघडेल, तर म्हणाला, "हो, आपण काळजी घेतो."

एसटीतून उतरलेले आणखी चारपाच जण एव्हाना भोवती जमले होते. एकाने बॅटरीचं पाणी बघा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने लिंबू. सगळं बोलणं फोनला उद्देशून. माणसं माझ्या डोक्यावरून, बॉनेटवरून, माझ्याच फोनमधल्या माझ्याच नवऱ्याशी बोलत होती. त्या डॅशबोर्डबद्दल मी मघाशी काहीबाही बोलले, पण एक सांगते, त्या दिवशी सकाळपासून मला सरळ मलाच म्हणून काही सांगितलं असेल तर त्या लाल दिव्याने.

मग काका मूळ मुद्द्यावर आले. "साहेब, झाकण उघडू का? तुमची परवानगी असली तर."

"उघडा की," नवरा म्हणाला, "काय हरकत आहे!"

मी फोन हिसकावला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की घोळका दोन पावलं मागे सरला. मागून काकांचा आवाज आला, "वहिनी जरा तापट हायेत का?" आणि स्पीकर अजून चालूच होता, त्यामुळे नवऱ्याचं उत्तरही सगळ्यांनी ऐकलं : "ऊन लागलं असेल."

तेवढ्यात पुढे ट्रक हलला, कंडक्टरने डबल बेल मारली. काका फ्लॉवर सावरत पळाले. पळता पळता त्यांनी नवऱ्याचा नंबर मागितला, आणि माझ्या हातातल्या फोनमधून नवऱ्याने तो मोठ्याने, दोनदा, नीट सांगितला.

सव्वा तासाने मदतीची मोटरसायकल आली. वीसबावीस वर्षांचा पोरगा. त्याने पहिला प्रश्न मला विचारला, "मॅडम, ट्रॅफिकमध्ये एसी मध्येच गार करायचा थांबायचा का?" मला त्याला दत्तक घ्यावंसं वाटलं. थांबायचा! तोच पंखा एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरलाही वारा घालतो. पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज सोडणारा स्विच, गेलेला होता, दोनअडीचशे रुपयांची काडेपेटीएवढी चीज. इंजिन गार झाल्यावर त्याने टाकीतलं कूलंट खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत भरलं, फ्यूजबॉक्समधला हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला. पंखा गरगरला. "हॉर्न वाजणार नाही मॅडम, साताऱ्यात पहिलं हे बदला." म्हणजे तिथून पुढे बोलायची माझी उरलीसुरली सोयही गेली.

आता मुद्द्याचं. 'ट्रॅफिकमध्ये एसी गार करत नाही' हे मी पंधरा दिवस आधी सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं होतं. ॲडव्हायजरने आधी माझ्यामागे बघत 'सर नाही आले?' विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, मे महिना आहे, उन्हाने तसं वाटतं." जॉब कार्डवर 'एसी चेक' लिहिलं, बिलात एसीचं निर्जंतुकीकरण लावलं आणि आत मोगऱ्याचा वास मारून गाडी परत दिली. साताऱ्याहून आल्यावर मी जुना रिले घेऊन त्यांच्या काउंटरवर गेले. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, "इलेक्ट्रिकल पार्ट आहे, सांगता येत नाही" म्हणाले आणि तक्रार नोंदवून घेतली.

त्या तक्रारीचा फोन काल आला. कुणाला, ते सांगायला नको. संपर्कासाठी कुणीतरी कधीतरी नवऱ्याचा नंबर टाकून ठेवला आहे. "सर, आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का? दहापैकी किती गुण द्याल?" मी आतल्या खोलीत कपडे वाळत घालत होते. नवरा अतिशय सभ्य माणूस आहे, कुणाचं मन मोडत नाही.

त्याने दहा दिले.